गोठणाऱ्या वनस्पतीतील पेशीपटल

थंड प्रदेशात पाण्याने भरलेले भांडे रात्री उघड्यावर राहिले, तर सकाळी ते तडकलेले आढळते. पाणी गोठताना त्याचे आकारमान सुमारे ९ टक्क्यांनी वाढते, हे त्याचे कारण सर्वश्रुत आहे. वनस्पतीच्या पेशी पाण्याने भरलेल्या असतात. तेव्हा कडाक्याच्या थंडीत वनस्पती मरते तीही पेशी अशाच तडकून मरते, असा तर्क होणे स्वाभाविक होते. फ्रान्समधील द्यूआमेल द्यू मोन्सो व ब्यूफाँ या निसर्गशास्त्रज्ञांनी १७३७ साली हाच तर्क मांडला आणि पुढे जवळजवळ एक शतक तो ग्राह्य मानला गेला.

हा तर्क दोन गोष्टींवर अडतो. गोठून मेलेल्या पानाचा छेद सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर पेशींच्या भित्ती बहुधा अभंग आढळतात. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. गोठणे म्हणजे मरणे नव्हे. कॅनडा, रशिया, पोलंड यांसारख्या देशांत राय या तृणधान्याची पेरणी शरद ऋतूत होते. कोवळे पीक बर्फाळ हिवाळा शेतातच काढते, त्याची ऊतके कित्येकदा गोठून कडक होतात, आणि वसंतात तेच पीक पुन्हा वाढीस लागून उन्हाळ्यात कापणीस येते. उलट, त्याच बियाण्याचे रोप उबदार काचगृहात वाढवून एकदम थंडीत ठेवले, तर ते शून्याखाली सुमारे ५ अंशांवरच मरते. काही आठवडे शून्याच्या किंचित वर राहिलेले रोप मात्र शून्याखाली २५ अंशांच्या आसपासही जगते. बीज तेच, जनुके तीच, बर्फही तोच. मग भेद कोठे पडला?

गेल्या सव्वाशे वर्षांच्या संशोधनाने या प्रश्नाचे जे उत्तर दिले, त्याचा मध्यबिंदू जीवद्रव्याभोवतीचे अतिशय पातळ असे पेशीपटल हा आहे. या पटलावर गोठताना व वितळताना कोणते संकट येते आणि काटक झालेली वनस्पती त्यातून कशी निभावते, याचा परामर्श प्रस्तुत लेखात घ्यावयाचा आहे.

शीतबाधा आणि हिमबाधा

प्रथम एक भेद स्पष्ट करणे इष्ट होय. महाराष्ट्रातील वाचकांच्या परिचयाची थंडीची बाधा मुख्यतः निराळ्या प्रकारची आहे. केळे शीतकपाटात ठेवले की त्याची साल काळवंडते. जळगावकडील केळीच्या बागांची वाढ डिसेंबर-जानेवारीत मंदावते. या दोन्ही प्रसंगी कोठेही बर्फ झालेला नसतो. उष्ण कटिबंधातील अनेक वनस्पतींना १० ते १२ अंश सेल्सिअसच्या खालचे तापमानच मानवत नाही. या बाधेस आपण शीतबाधा म्हणू, आणि ऊतकात प्रत्यक्ष बर्फ होऊन जी इजा होते तीस हिमबाधा म्हणू. शीतबाधेतही पटलाचा संबंध येतो. परंतु तेथील प्रश्न थंडीने पटल घट्ट व अकार्यक्षम होण्याचा आहे. हिमबाधेतील प्रश्न पाण्याचा आहे. या लेखाचा विषय हिमबाधा हा होय.

बर्फ प्रथम कोठे होतो

वनस्पतीच्या ऊतकात पाणी दोन ठिकाणी असते: पेशीपटलाच्या आत, आणि पटलाबाहेर म्हणजे पेशीभित्तीत व पेशींमधील पोकळ्यांत. तापमान हळूहळू उतरत असता बर्फाचा पहिला स्फटिक बाहेरच्या पाण्यात तयार होतो. बाहेरचे पाणी विरल असल्यामुळे त्याचा गोठणबिंदू शून्याच्या अधिक जवळ असतो, हे त्याचे एक कारण. दुसरे असे की, स्फटिकाला जन्मण्यासाठी एखाद्या बीजाचा आधार लागतो, आणि अशी बीजे वनस्पतीच्या पृष्ठभागावर पुष्कळ असतात. पानांवर राहणारे ‘स्यूडोमोनस सिरिंजी’ या जातीचे जीवाणू या कामी विशेष समर्थ आहेत, हे १९७० नंतरच्या दशकात निदर्शनास आले. या जीवाणूंच्या काही वाणांच्या अंगावरील प्रथिनाच्या आधाराने शून्याखाली अवघ्या २ अंशांवर पाण्याचा बर्फ होऊ शकतो.

एकदा बाहेर बर्फ झाला की तो भित्तींतून व पोकळ्यांतून झपाट्याने पसरतो. परंतु पेशीपटलाशी येऊन थांबतो. पटल अखंड असेपर्यंत बाहेरचा स्फटिक आत शिरू शकत नाही आणि पेशीतील पाणी द्रवरूपच राहते. पटलाचे हे पहिले कार्य होय. तापमान फार वेगाने उतरले तर मात्र पेशीच्या आतही बर्फ होतो आणि अशी पेशी जवळजवळ निश्चितपणे मरते. निसर्गात तापमान तासाला काही थोड्या अंशांनीच उतरते. त्यामुळे सामान्यतः बर्फ बाहेर आणि पाणी आत अशीच वाटणी राहते.

काही वृक्षांनी निराळाच मार्ग अवलंबिला आहे. ओक व पीच यांच्या काष्ठातील जिवंत पेशी स्फटिकबीजांपासून अलग राहून शून्याखाली बऱ्याच अंशांपर्यंत अतिशीतित, म्हणजे गोठणबिंदूच्या खाली असूनही द्रव, राहतात. परंतु या युक्तीला मर्यादा आहे. शून्याखाली सुमारे ४० अंशांवर पाणी बीजावाचूनही आपोआप गोठते. उत्तरेकडील अनेक रुंदपर्णी वृक्षांच्या प्रसाराची सीमा ढोबळमानाने याच तापमानाशी जुळते, ही लक्षणीय गोष्ट आहे. राय, गहू आणि आपल्या विषयाशी निगडित असलेल्या बहुसंख्य वनस्पती मात्र बर्फ टाळीत नाहीत. त्या बर्फ बाहेर होऊ देतात आणि त्याचे परिणाम सोसतात.

पाण्याचा हिशेब

हे परिणाम कोणते, ते साध्या हिशेबाने समजते. एकाच तापमानास बर्फ आणि द्रव पाणी शेजारी असले, तर पाणी बर्फाकडे ओढले जाते. ही ओढ शून्याखालील प्रत्येक अंशामागे हवेच्या सामान्य दाबाच्या सुमारे १२ पट इतकी असते. शून्याखाली १० अंशांवर ती जवळजवळ १२० पट होते. पटलातून पाणी सहज जाऊ शकते, विरघळलेले क्षार व साखर सहज जाऊ शकत नाहीत. अर्थातच पेशीतील पाणी पटलातून बाहेर पडून बर्फाला मिळू लागते आणि आतला रस अधिकाधिक घट्ट होत जातो. रसाचा स्वतःचा गोठणबिंदू त्या वेळच्या तापमानाइतका खाली येईपर्यंत ही क्रिया चालू राहते.

समजा, एखाद्या पेशीतील रस शून्याखाली १ अंशावर गोठावा इतका घट्ट आहे. गोठणबिंदूतील घट ही विरघळलेल्या पदार्थांच्या संहतीच्या प्रमाणात असते. यास्तव शून्याखाली २ अंशांवर समतोल होण्यासाठी रस दुप्पट घट्ट झाला पाहिजे, म्हणजेच निम्मे पाणी बाहेर गेले पाहिजे. ५ अंशांवर पाण्याचा पाचवा हिस्सा आणि १० अंशांवर केवळ दहावा हिस्सा आत उरतो. फार घट्ट द्रावणांना हे गणित तंतोतंत लागू पडत नाही. तथापि मुख्य मुद्दा त्यातून स्पष्ट होतो. पहिल्या काही अंशांतच पेशी आपले बहुतेक पाणी गमावते, आणि पुढील थंडीत उरलेल्या थोड्या पाण्यासाठी ओढाताण चालते. बाहेरून बर्फाळ दिसणारी ही घटना पेशीच्या दृष्टीने पाहता घोर अवर्षणच होय.

हान्स मोलिश याने १८९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या विचाराला प्रत्यक्ष निरीक्षणाची जोड दिली. गोठणमिश्रणाने वेढलेल्या पेटीत त्याने सूक्ष्मदर्शक ठेवला आणि जिवंत पेशी गोठताना पाहिल्या. बाहेर बर्फ वाढत असता पेशी आक्रसतात, हे त्याला दिसले. मृत्यूचे कारण पाणी हिरावले जाणे हेच असावे, असा निष्कर्ष त्याने काढला.

निव्वळ थंडी मारक नसते, याचा अतिशय बोलका पुरावा जपानमधील आकिरा साकाई यांनी १९६० साली दिला. काटक झालेल्या वृक्षांच्या डहाळ्या त्यांनी प्रथम शून्याखाली ३० अंशांच्या आसपास सावकाश गोठविल्या आणि मग द्रव नायट्रोजनात, म्हणजे शून्याखाली १९६ अंशांवर, बुडविल्या. वितळल्यावर त्या जिवंत होत्या. पेशीतून जेवढे पाणी जाणे शक्य होते, तेवढे आधीच गेलेले असल्यामुळे पुढील दीडशेहून अधिक अंशांच्या उतारात तिच्यावर नवे संकट आले नाही.

इजा पटलालाच होते

पाणी गेल्यामुळे पेशीतील अनेक घटकांवर ताण पडत असणार. मग पटलाकडेच बोट का दाखवावे? गोठून वितळलेले, मेलेले पान आपण पाहिले तर ते मलूल, ओलसर आणि गर्द रंगाचे दिसते. पेशींतील रस बाहेर झिरपून पोकळ्यांत भरलेला असतो. लाल कोबीच्या पानाचा काप गोठून मेला, तर त्याचा रंगीत रस भोवतालच्या पाण्यात उतरतो. जिवंत काप रंग सोडीत नाही. रंग राखून ठेवणारी भिंत म्हणजे पटल, आणि ती निकामी झाल्याची ही खूण आहे. रशियन शास्त्रज्ञ माक्सिमॉव्ह यांनी १९१२ साली लाल कोबीचे काप साखरेसारख्या पदार्थांच्या द्रावणांत ठेवून गोठविले, तेव्हा ते साध्या पाण्यातील कापांपेक्षा पुष्कळ खालच्या तापमानास तगले. संरक्षण बाहेरून मिळते, त्या अर्थी संकटही जीवद्रव्याच्या बाह्य थरावर येत असले पाहिजे, अशी त्यांची विचारसरणी होती.

या झिरपण्यावरच काटकपणा मोजण्याची एक पद्धती आधारलेली आहे. अमेरिकेत डेक्स्टर व त्यांचे सहकारी यांनी १९३२ साली ती मांडली. गोठवून वितळलेले ऊतक शुद्ध पाण्यात ठेवावयाचे आणि त्या पाण्याची विद्युत्‌संवाहकता मोजावयाची. पटले जितकी अधिक फुटली असतील, तितके अधिक क्षार बाहेर येतील आणि संवाहकता वाढेल. उपकरणे सुधारली, तत्त्व मात्र आजच्या प्रयोगशाळांतही तेच आहे.

हे पटल म्हणजे काय, तेही पाहिले पाहिजे. त्याची जाडी सुमारे ८ नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लक्षांवा भाग. लिपिड या स्निग्ध पदार्थाच्या रेणूंचे दोन थर पाठीस पाठ लावून त्यात असतात. प्रत्येक रेणूचे डोके पाण्यात रमणारे आणि शेपट्या पाण्यापासून दूर पळणाऱ्या. म्हणून डोकी दोन्ही बाजूंच्या पाण्याकडे आणि शेपट्या मध्ये, अशी मांडणी आपोआप होते. सिंगर व निकोल्सन यांनी १९७२ साली मांडलेल्या कल्पनेप्रमाणे हा दुहेरी थर द्रवासारखा वाहता असून त्यात प्रथिने तरंगत असतात. यातील एक गोष्ट वाचकांनी विशेष ध्यानात ठेवावी. थर थरासारखा राहतो तो पाण्यामुळे. पाणीच हिरावले गेले, तर थराची मांडणी टिकविणारे कारणच दुर्बल होते.

पहिली इजा: क्षेत्रफळाचा तुटवडा

१९८० च्या दशकात कॉर्नेल विद्यापीठातील पीटर स्टेपॉन्कस व त्यांचे सहकारी यांनी रायच्या पानांतील पेशींवर केलेले प्रयोग या विषयात मूलगामी ठरले. एंझाइमांच्या साहाय्याने भित्ती विरघळवून त्यांनी उघड्या, चेंडूसारख्या गोल पेशी मिळविल्या आणि त्या सूक्ष्मदर्शकाखाली गोठविल्या व वितळविल्या. त्यांतून दोन निरनिराळ्या इजा उघडकीस आल्या.

पहिली इजा काटक नसलेल्या पेशींत शून्याखाली पहिल्या काही अंशांतच होते. गोल पेशीचे आकारमान निम्मे झाले, तर तिच्या पृष्ठभागाचे क्षेत्रफळ मूळच्या सुमारे ६३ टक्के उरते. म्हणजे पटलाचा एक तृतीयांशाहून अधिक भाग जादा होतो. काटक नसलेली पेशी हा जादा भाग आत ओढून घेते. त्याचे लहान लहान फुगे पटलापासून सुटून जीवद्रव्यात जातात. आक्रसलेल्या पेशीला त्यामुळे घट्ट बसणारे लहान पटल मिळते आणि गोठलेल्या अवस्थेत तिचे काहीच बिघडलेले दिसत नाही.

संकट येते ते वितळताना. बर्फाचे पाणी होते, ते वेगाने पेशीत परत शिरते आणि पेशी फुगू लागते. सुटून गेलेले फुगे मात्र पटलात वेळेवर परत मिसळत नाहीत. पटल रबरासारखे ताणले जात नाही. क्षेत्रफळात अवघी २ ते ३ टक्के वाढ झाली की ते फाटते. मूळचा आकार येण्यापूर्वीच पेशी फुटते. थंडीत निभावलेली पेशी ऊब मिळताच मरावी, हे वरकरणी विचित्र वाटते. पण जो हिशेब गोठताना चुकला, त्याची वसुली वितळताना होते, इतकाच त्याचा अर्थ.

काटक रायची पेशी या बाबतीत सर्वस्वी निराळी वागते. तिचे जादा पटल आत न जाता बाहेरच्या बाजूस लहान लहान उंचवट्यांच्या रूपाने साठते आणि हे उंचवटे मुख्य पटलाशी जोडलेलेच राहतात. वितळताना पेशी फुगू लागली की ते पुन्हा पटलात सामावतात. क्षेत्रफळाची ठेव सुरक्षित राहिल्यामुळे पेशी मूळ आकारास येते व जगते.

दुसरी इजा: थराचा भंग

तापमान शून्याखाली १० अंशांच्या जवळपास किंवा त्याखाली गेले, तर काटक नसलेल्या पेशींत निराळीच इजा आढळते. अशी पेशी वितळल्यावर फुगतच नाही. तिच्याभोवतीचे पटल पाणी व क्षार यांना अडविण्याचा गुणच गमावून बसलेले असते.

याचे कारण असे. पेशीतील नऊ-दशांश पाणी गेल्यावर तिच्या आतील पटले एकमेकांच्या अगदी निकट येतात. विशेषतः पेशीपटल आणि हरितकणांचे वेष्टन यांमध्ये काही थोडे नॅनोमीटरच अंतर उरते. लिपिडांची डोकी आपल्याभोवती पाण्याचा पातळ थर बाळगतात आणि त्यामुळे पटले परस्परांना दूर लोटतात. इतक्या जवळून हे लोटणे प्रचंड होते आणि रेणूंची पुनर्मांडणी सुरू होते. सर्व लिपिड रेणूंचा आकार सारखा नसतो. काहींचे डोके शेपट्यांइतकेच रुंद असल्याने ते नळकांड्यासारखे असतात व सपाट थरात नीट बसतात. काहींचे डोके लहान व शेपट्या पसरट, म्हणजे आकार शंकूसारखा. पाणी भरपूर असता इतरांच्या संगतीत तेही थरात राहतात, परंतु पाणी कमी होताच त्यांची ओढ निराळ्या मांडणीकडे असते. डोकी आत व शेपट्या बाहेर अशा सूक्ष्म नळ्या बनतात आणि त्या षट्कोनी रचनेत एकमेकींशेजारी रचल्या जातात. जेथे अशा नळ्या झाल्या तेथे पटल उरले नाही. दोन शेजारील पटलांचे द्रव्य एकमेकांत मिसळते आणि आत-बाहेर हा भेदच नाहीसा होतो.

गॉर्डन-काम व स्टेपॉन्कस यांनी १९८४ साली ही षट्कोनी मांडणी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविली. त्याच वेळी त्यांनी केलेली पडताळणी तर्कशुद्ध प्रयोगाचा उत्तम नमुना होय. न गोठविता, शून्य अंशावरच, पेशी त्यांनी इतक्या घट्ट द्रावणात ठेवल्या की शून्याखाली १० अंशांवर जेवढे पाणी जावे तेवढेच तिच्यातून जावे. बर्फाचा कणही नसताना तीच मांडणी दिसून आली. इजेचे कारण थंडी नव्हे, बर्फाचे टोकदार स्फटिकही नव्हेत, तर निर्जलन होय, हे यावरून सिद्ध झाले. काटक केलेल्या रायच्या पेशींत ही मांडणी आढळली नाही.

काटकपणा कसा येतो

शरद ऋतूत दिवस लहान होऊन तापमान शून्याच्या वर काही अंशांपर्यंत उतरले की राय काटक होऊ लागते. पूर्ण काटकपणा येण्यास काही आठवडे लागतात. या काळात पेशीपटलाची घडणच बदलते. त्यातील फॉस्फोलिपिडांचे प्रमाण वाढते, आणि त्यांतही ज्यांच्या शेपट्या असंतृप्त असतात अशा फॉस्फॅटिडिलकोलीन या जातीच्या रेणूंना प्राधान्य मिळते. त्यांचा आकार नळकांड्यासारखा असून ते आपल्याभोवती अधिक पाणी बाळगतात. उलट, सेरेब्रोसाइड नावाची अल्प पाणी धरणारी लिपिडे घटतात. परिणामी पटले दूर राहतात आणि शंकूच्या आकाराच्या रेणूंना नळ्या बनविण्यास संधी मिळत नाही.

हा बदल काटकपणाचे कारण आहे की केवळ त्याची सोबत, ही शंका येथे रास्तपणे उद्भवते. १९८८ साली स्टेपॉन्कस व सहकाऱ्यांनी तिचे उत्तर दिले. काटक नसलेल्या पेशींच्या पटलात त्यांनी असंतृप्त फॉस्फॅटिडिलकोलीन बाहेरून मिसळविले. इतर काहीही न बदलता या पेशी काटक पेशींसारख्या वागू लागल्या: जादा पटल आत सोडण्याऐवजी त्या ते बाहेरच्या उंचवट्यांत साठवू लागल्या आणि पहिल्या इजेपासून बचावल्या. पटलाची घडण हीच पटलाचे वर्तन ठरविते, याहून सरळ पुरावा मिळणे कठीण.

हरितकणांच्या वेष्टनाचे रक्षण निराळ्या उपायाने होते. ‘अॅराबिडॉप्सिस’ या मोहरीच्या कुलातील लहानशा वनस्पतीत एका जनुकाचा दोष असलेली रोपे गोठविल्यावर जगत नाहीत. या जनुकापासून होणारे एंझाइम हरितकणांच्या बाह्य वेष्टनात असते. गोठण्याच्या ताणाखाली ते शंकूच्या आकाराच्या लिपिडांवरील शर्करेचे घटक एकत्र जोडून मोठ्या डोक्याची लिपिडे तयार करते, असे मोलरिंग, मुथान व बेनिंग यांनी २०१० साली दाखवून दिले. पटल मोडू पाहणाऱ्या रेणूंचेच रूपांतर पटल सावरणाऱ्या रेणूंत करावे, ही योजना विलक्षणच म्हटली पाहिजे.

पटलाचे साहाय्यक

पटल एकाकी लढत नाही. काटक होणाऱ्या वनस्पतीत इक्षुशर्करा, रॅफिनोज व प्रोलीन यांसारखे विद्राव्य पदार्थ साठतात. त्यांचा पहिला लाभ वर केलेल्या हिशेबावरूनच कळतो. पेशीतील रसाचा गोठणबिंदू शून्याखाली १ ऐवजी २ अंश असला, तर शून्याखाली १० अंशांवर पाण्याच्या दहाव्या हिश्श्याऐवजी पाचवा हिस्सा शिल्लक राहतो. दुसरा लाभ असा की, निकट आलेल्या पटलांच्या मध्ये साखर राहिल्याने ती एकमेकांस चिकटत नाहीत. अतितीव्र निर्जलनात हीच साखर काचेसारखी घट्ट होऊन सर्व हालचाल थोपविते. हिवाळ्यात काही पालेभाज्या व कंद गोड लागतात, त्याचे एक कारण या साठ्यात आहे.

काही प्रथिनांचाही यात वाटा आहे. अॅराबिडॉप्सिसमध्ये थंडीत तयार होणारे एक लहानसे प्रथिन हरितकणांत जाऊन तेथील पटलांना आधार देते. हे प्रथिन सदैव तयार करणाऱ्या रोपांतील हरितकण १ ते २ अंश अधिक थंडी सोसतात, असे १९९६ साली आढळले. १९९७ साली टॉमाशो यांच्या प्रयोगशाळेने अशा अनेक जनुकांना एकदम जागे करणारे एक नियंत्रक प्रथिन ओळखले. पुढील वर्षी, ते अधिक प्रमाणात निर्माण करणारी रोपे थंडीच्या सरावावाचूनही हिमबाधा सोसतात, हे सिद्ध झाले. म्हणजे काटकपणा हा सुट्या सुट्या बदलांचा ढीग नसून एका हुकमाखाली चालणारी पूर्वतयारी आहे.

इतके करूनही पटलाला कोठे कोठे छिद्र पडतेच. तेव्हा बाहेरील कॅल्शियम आत शिरते आणि हीच डागडुजीची सूचना ठरते. पेशीतील लहान फुगे त्या जागी येऊन पटलाशी एकजीव होतात व छिद्र बुजते. वनस्पतीत ही क्रिया हिमबाधेच्या वेळी घडते आणि तीत सिनॅप्टोटॅग्मिन हे प्रथिन आवश्यक असते, हे यामाझाकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दाखविले.

काटकपणाचा क्षय

या ज्ञानाचा शेतीशी असलेला संबंध केवळ कडाक्याच्या हिवाळ्यापुरता नाही. काटकपणा मिळविण्यास आठवडे लागतात. गमावण्यास काही उबदार दिवस पुरतात. ऊब लागताच वनस्पती वाढीस प्रवृत्त होते, साठविलेली साखर खर्ची पडते आणि पटलाची घडण पुन्हा उन्हाळी होऊ लागते. त्यानंतर आलेली साधारण थंडीही घातक ठरते.

मार्च २००७ मध्ये अमेरिकेच्या मध्य व पूर्व भागात असाधारण ऊब पडली. गव्हाची वाढ आणि फळझाडांचा बहर नेहमीपेक्षा लवकर झाला. एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात थंडीची लाट आली आणि गहू, फळबागा व रानातील कोवळी पालवी यांची अतोनात हानी झाली. फ्रान्समध्ये मार्च २०२१ च्या अखेरच्या उबेनंतर एप्रिलमध्ये द्राक्षमळे व फळबागा अशाच होरपळल्या. जानेवारीत ज्या थंडीने या झाडांचे काहीच बिघडले नसते, तिने एप्रिलमध्ये वर्षाचे उत्पन्न नेले. पृथ्वीचे सरासरी तापमान वाढत असता हिमबाधेचा प्रश्न आपोआप मिटेल, ही समजूत म्हणूनच भाबडी होय. हिवाळा सौम्य झाला आणि वसंत लवकर आला, तरी एखादी गोठविणारी रात्र उरतेच. आणि त्या रात्री पटल तयारीत आहे की नाही, यावर सर्व अवलंबून असते.

यास्तव नवे वाण निवडताना ते किती खालचे तापमान सोसते, एवढेच पाहणे पुरेसे नाही. ते किती लवकर काटक होते, मधल्या उबेत काटकपणा किती टिकवून धरते आणि गमावलेला पुन्हा मिळविते काय, याही गोष्टी मोजल्या गेल्या पाहिजेत. यांतील प्रत्येक गोष्टीचा संबंध अखेरीस पेशीपटलातील लिपिडांशी पोचतो.

समारोप

द्यूआमेल व ब्यूफाँ यांच्या मते वनस्पतीचा शत्रू बर्फ होता आणि मृत्यूची जागा पेशीची भित्ती होती. आज आपण जाणतो की, बर्फ बहुधा बाहेरच थांबतो, भित्ती बहुधा अभंग राहते आणि निर्णय होतो तो भित्तीच्या आतील आठ नॅनोमीटरांच्या पटलात. काटक वनस्पती गोठणे टाळीत नाही. पाणी द्यावे लागणार हे गृहीत धरून, ते देताना पटल जपावयाचे आणि परत घेताना ते पुरवावयाचे, या दोन्हींची तजवीज ती थंडीपूर्वीच करून ठेवते. रायच्या एका पानात दर हिवाळ्यात पार पडणारे हे कार्य आपल्या पिकांत हेतुपुरस्सर घडवून आणणे, हे या शाखेपुढील आजचे काम आहे.